वेळेवर मावळणं

गोराई म्हटलं की बोरीवलीकराच्या डोळ्यांपुढे दोन गावं उभी राहतात. एक खाडीच्या अलीकडचं: म्हाडाच्या इमारतींचं, रिक्षांचं, जेट्टीवरच्या रांगेचं. दुसरं खाडीपलीकडचं: कोळ्यांचं, ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचं, तिवरांचं आणि खाजणांचं. मधलं पाणी बोटीने काही मिनिटांत ओलांडता येतं. दिवेलागणीला मात्र या दोन काठांत जे अंतर पडतं, ते बोटीच्या वेळेने मोजता येत नाही. अलीकडे सूर्य बुडायच्या आत रस्त्यावरचे दिवे पेटतात आणि संध्याकाळ अशी काही उरतच नाही. पलीकडे तिवरांखाली उजेड सावकाश उतरतो. त्या घटकाभरात चिखलातल्या बिळांच्या तोंडाशी एक काम सुरू होतं, जे कोणाच्याच नजरेस पडत नाही. खेकड्याचा डोळा रात्रीसाठी नव्याने बांधला जाऊ लागतो.

हे अलंकारिक बोलणं नाही, अक्षरशः तसं घडतं. हातात धरलेल्या चिंबोरीच्या नांग्यांवरच आपलं लक्ष असतं, आणि ते साहजिकच आहे. पण नांग्या सुतळीने बांधून झाल्या की तिच्या तोंडाकडे निरखून पाहावं. कवचाच्या पुढच्या कडेला दोन खोबणी असतात आणि त्यांत आखूड देठांवर बसवलेले दोन डोळे. बोट जवळ नेलं की देठ आडवे पडतात आणि डोळे खोबणीत जातात. पापणी नसलेल्या प्राण्याचं डोळे मिटणं ते हेच. भिंगाखाली डोळ्याचा पृष्ठभाग इवल्या षट्कोनांचा बनलेला दिसतो. प्रत्येक षट्कोनाखाली काही पेशींचा जुडगा असतो आणि त्यांच्या मधोमध त्याच पेशींच्या पटलांपासून निघालेल्या अतिसूक्ष्म तंतूंचा एक दांडा. प्रकाश टिपणारं द्रव्य, ऱ्होडॉप्सिन, या पटलांत बसलेलं असतं. पटल जितकं जास्त, तितका अंधारातला एखाददुसरा प्रकाशकण हाती लागण्याचा संभव जास्त.

नॅसेल आणि वॉटरमन या संशोधकांनी १९७९ साली ग्रॅप्सस नावाच्या खेकड्याचे दिवसाचे आणि रात्रीचे डोळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहिले. रात्रीच्या डोळ्यातला हा दांडा दिवसाच्या मानाने सुमारे वीसपट आकारमानाचा भरला. याच कुळातले चपळ खेकडे गोराईच्या तिवरांच्या मुळांवर आणि किनाऱ्याच्या खडकांवर धावताना दिसतात. पुढच्याच वर्षी सॅली स्टो यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका खडकखेकड्यात दाखवलं, की हे बांधकाम रात्रभर रेंगाळत चालत नाही. सांजेच्या अल्पशा वेळात ते झपाट्याने उरकलं जातं. डेव्हिड ब्लेस्ट यांनी १९७८ मध्ये जाळं हातात धरून सावजावर टाकणाऱ्या डायनोपिस कोळ्यात त्याहून थक्क करणारी गोष्ट नोंदवली होती. त्याच्या दोन मोठ्या डोळ्यांतली पटलं पहाट होताच मोडून पेशीच्या आत ओढली जातात, तिथेच पचवली जातात आणि संध्याकाळी नवी घडवली जातात. दररोज, आयुष्यभर.

रोज मोडायचंच, तर रोज बांधायचं कशाला? याचं एक उत्तर सरळ आहे. रात्रीच्या मंद उजेडासाठी वाढवलेला डोळा दुपारच्या ओहोटीत, चकाकणाऱ्या चिखलावर, काही कामाचा नसतो. प्रकाशाच्या पुरात त्याला काही वेगळं ओळखू येणार नाही. दुसरं उत्तर अधिक खोल आहे. प्रकाश टिपणारं पटल प्रकाशानेच झिजतं. पाहणं हे डोळ्याला फुकट पडत नाही. प्रत्येक नजरेची किंमत पटलाच्या झिजेत मोजली जाते आणि ही झीज भरून काढायची तर जुनं काढून नवं घालावंच लागतं.

माणसाचा डोळा खेकड्यापेक्षा फार निराळा. तरी हा नियम त्यालाही सुटलेला नाही. आपल्या दृष्टिपटलात दोन जातींच्या प्रकाशपेशी असतात: अंधुक उजेडासाठी दंडपेशी, लख्ख उजेडासाठी आणि रंगांसाठी शंकुपेशी. दंडपेशीचं प्रकाश टिपणारं टोक म्हणजे भांडीवाल्याच्या दुकानात रचून ठेवलेल्या ताटल्यांची चळत. साधारण हजारभर चकत्या एकीवर एक आणि प्रत्येक चकतीच्या पटलात ऱ्होडॉप्सिन खच्चून भरलेलं. ही चळत एकदा रचली की जन्मभर तशीच राहते, असं शास्त्रज्ञ बराच काळ धरून चालले होते. ते धरणंही अवाजवी नव्हतं, कारण या पेशी एकदा तयार झाल्या की पुन्हा विभागत नाहीत. बाळपणी ज्या पेशींनी आईचा चेहरा पाहिला, त्याच पेशी म्हातारपणी नातवंडांचे चेहरे पाहतात.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रिचर्ड यंग यांनी १९६७ साली हे गृहीत मोडलं. त्यांची युक्ती साधी होती. उंदरांना आणि बेडकांना त्यांनी किरणोत्सर्गी अमिनो आम्ल टोचलं. त्या दिवशी शरीरात जे प्रथिन घडेल त्यावर ही खूण उमटणार होती. मग ठरावीक दिवसांच्या अंतराने त्यांनी त्यांचे डोळे तपासले. दृष्टिपटलाचे पातळ काप करून त्यांवर छायाचित्रणाचा लेप दिला. लेपावर काळ्या ठिपक्यांचा पट्टा उमटला. पहिल्या दिवशी तो चळतीच्या तळाशी होता. काही दिवसांनी तो मध्यावर सरकला होता, पुढे टोकाला पोचला आणि मग चळतीतून नाहीसा झाला. चकत्या तळाशी नव्याने घडत होत्या, वर ढकलल्या जात होत्या आणि टोकाशी गळत होत्या. गळलेल्या चकत्या कुठे जातात, हे यंग आणि डीन बोक यांनी १९६९ मध्ये दाखवलं: चळतीच्या टोकाशी बिलगून असलेला काळसर रंगद्रव्यपेशींचा थर त्या गिळतो आणि पचवतो. माकडाच्या डोळ्यात एका दंडपेशीला रोज ८० ते ९० नव्या चकत्या लागतात, असा यंग यांचा पुढचा हिशेब आहे. नऊ ते तेरा दिवसांत सगळी चळत बदलते. पेशी जुनीच राहते, तिचं पाहणारं अंग मात्र पंधरवड्याच्या आतलं असतं.

इथवरची गोष्ट झिजण्याची आणि भरून येण्याची आहे, आणि अशा गोष्टी शरीरात पुष्कळ आहेत. कातडी सोलवटते, रक्तपेशी मरतात, नखं वाढतात. डोळ्याची गोष्ट वेगळी ठरते ती वेळेमुळे. मॅथ्यू लव्हेल यांनी १९७६ साली उंदरांना बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशा क्रमात ठेवलं आणि चकत्या गळतात कधी, ते पाहिलं. त्या दिवसभर थोड्या थोड्या गळत नव्हत्या. दिवे लागण्याच्या सुमारास, सकाळच्या पहिल्या प्रहरात, एकदम लोटच्या लोट गळत होता. मग त्यांनी उंदरांना अखंड अंधारात ठेवलं. सकाळ झाल्याची वर्दी द्यायला एक किरणही नव्हता, तरी नेहमीची वेळ झाली आणि चकत्या गळल्या. म्हणजे घड्याळ आत होतं. त्याच वर्षी बेडकांवर झालेल्या प्रयोगात जरा निराळं दिसलं: बेडकाला सकाळचा उजेड लागतो आणि त्याआधी काही काळ अंधारही लागतो. उंदीर घड्याळावर चालतो, बेडूक पहाटेवर. पण पहाट मानायची तर आधी रात्र व्हावी लागते, ही अट बेडकाच्या डोळ्यातही लिहिलेली आहे.

शंकुपेशींचं वेळापत्रक अनेक प्राण्यांत उलटं आहे. दिवसा हिंडणाऱ्या सरड्यात आणि कोंबडीच्या पिलांत शंकूंची टोकं दिवस सरल्यावर, रात्रीच्या आरंभी गळतात, हेही यंग यांनीच दाखवलं. रात्री राबणारी पेशी सकाळी झडते, दिवसा राबणारी रात्री. ज्याची त्याची पाळी संपली की ज्याचा त्याचा झाडलोटीचा वेळ. अटलांटिकच्या किनाऱ्यावरचा नालखेकडा, जो खरं तर खेकडा नव्हे, विंचू-कोळ्यांचा दूरचा नातलग, त्याहून पुढे गेला आहे. त्याचा मेंदू रात्र पडली की डोळ्याकडे मज्जातंतूंतून संदेश धाडतो आणि डोळ्याची संवेदनशीलता प्रचंड वाढवतो. चेंबरलेन आणि बार्लो यांनी १९७९ मध्ये दाखवलं, की हा रात्रीचा निरोप मिळाला नाही तर पहाटेचा उजेड पडूनही पटलाची नेहमीची उलथापालथ होत नाही. सकाळी काय मोडायचं, याची तयारी रात्रीच झालेली असावी लागते.

आता या सगळ्यातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रयोग. गळलेल्या चकत्या गिळल्याच गेल्या नाहीत तर काय होतं, हे आधीपासून ठाऊक होतं. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नावाने ओळखली जाणारी उंदरांची एक जात आहे. तिच्या रंगद्रव्यपेशींना चकत्या गिळता येत नाहीत. कचरा साचतो आणि जन्मानंतर काही आठवड्यांतच प्रकाशपेशी मरू लागतात. २००० साली यामागचं जनुक सापडलं, मर्टीके त्याचं नाव; आणि त्याच वर्षी काही माणसांच्या वारशाने आलेल्या अंधत्वातही तेच जनुक बिघडलेलं आढळलं. सफाई बंद म्हणजे आंधळेपण, हे समजण्यासारखं आहे. पण २००४ साली एमलीन नॅन्ड्रो, सिल्व्हिया फिनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलेले उंदीर निराळे होते. त्यांच्यात एक प्रथिन नव्हतं, पण त्यांच्या पेशी चकत्या गिळत होत्या. फक्त सकाळचा तो लोट उरला नव्हता. गिळणं दिवसभर एकाच संथ गतीने चालू होतं. काम होत होतं, वेळ हरवली होती. हे उंदीर तरुणपणी नीट पाहू शकत. वय वाढलं तशी रंगद्रव्यपेशींत न पचलेल्या अवशेषांची साय धरू लागली आणि नजर गेली.

मला या प्रयोगाने बराच काळ अस्वस्थ केलं. कामाची एकूण बेरीज कदाचित फार वेगळी नसेलही, पण बेरीज हा इथे निकष नाही. गळणं, गिळणं, पचवणं, विसावणं, याला क्रम हवा. आणि क्रमाला प्रहर हवा. नश्वर असणं पुरेसं नाही, वेळेवर नश्वर असावं लागतं.

गोराईत हा विचार मनात आला की खाडीपलीकडचा सोनेरी घुमट टाळता येत नाही. ग्लोबल विपश्यना पॅगोडाचं उद्घाटन ८ फेब्रुवारी २००९ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झालं. सव्वातीनशे फूट उंच, आत एकही खांब नाही, आणि सुमारे आठ हजार माणसं एका वेळी डोळे मिटून बसू शकतील एवढं सभागृह. डोळे मिटून ती पाहतात काय? तर उपजणं आणि विरणं, पालीतलं अनिच्च. अभिधम्माच्या भाष्यपरंपरेने तर डोळ्याच्या संवेदनक्षम द्रव्यालाही क्षणभंगुर मानलं आणि त्याचं आयुष्य सतरा चित्तक्षणांचं सांगितलं. इथे प्राचीनांना सगळं आधीच ठाऊक होतं म्हणून टाळ्या पिटण्याचं कारण नाही. त्यांचा सतरावा क्षण आणि यंग यांचा दहावा दिवस यांची गाठ घालणं दोघांवरही अन्याय करणारं आहे. एकाचा विषय अनुभव, दुसऱ्याचा प्रथिन.

तरी फरक कुठे आहे, ते पाहण्यासारखं आहे. क्षणभंगाच्या सिद्धान्तात सगळे क्षण सारखे: आता विरणारं आणि नंतर विरणारं यांत डावं-उजवं नाही. डोळ्यातलं विरणं मात्र घटिका पाहून येतं. न्यायदर्शनाने उलट दिशेने विचार केला होता. त्यांच्या मते डोळा तेजाचा बनलेला असतो, त्यातून किरण बाहेर जातात आणि वस्तूला भेटतात. रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांचे डोळे चमकतात, हा त्यांचा एक पुरावा. किरणांची दिशा त्यांनी चुकीची धरली. ती चमक परतलेल्या प्रकाशाची असते. पण पाहणं म्हणजे इंद्रियाने काहीतरी करणं, खर्च होणं, ही त्यांची जाण टाकाऊ नव्हती. बौद्धांकडून विरणं घ्यावं, नैयायिकांकडून खर्च घ्यावा. दोघांकडे नसलेली तिसरी गोष्ट, वेळ, ती मात्र खाडीकाठी शिकावी लागते.

कारण खाडीवर वेळ दोन ठिकाणांहून येते. एक सूर्याची, दुसरी चंद्राची. इथला जुना माणूस भरतीची वेळ काढायला कागद शोधत नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करतो: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला पूर्ण भरती. उधाण आणि भांग हे शब्द त्याला पंचांगाआधी पाण्याने शिकवलेले असतात. अमावास्येच्या आसपासची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, हा हिशेब तर बाजारातलं गिऱ्हाईकही करतं. खेकडाही याच दोन घड्याळांवर जगतो. १९४८ साली फ्रँक ब्राउन आणि मार्गरीट वेब यांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे एक नांगी मोठी असलेले खेकडे अखंड अंधारात ठेवले, तरी त्यांचं अंग दिवसा गडद आणि रात्री फिकं होत राहिलं. त्यांचेच भाईबंद गोराईच्या चिखलावर ओहोटीला नांगी हलवत उभे असतात. रात्री बत्ती घेऊन खेकडे धरायला जाणारा माणूस खेकड्याच्या डोळ्यावर झोत टाकतो, तेव्हा तो अंधारासाठी वाढवलेल्या, सताड उघड्या डोळ्यावर पडतो. खेकडा बिचकून थबकतो आणि हाती लागतो.

एका बत्तीने एक खेकडा जातो. हजार दिव्यांनी काय जातं?

इथे सावधपणे बोललं पाहिजे. १९६६ मध्ये वर्नर नोएल आणि सहकाऱ्यांनी उंदरांना अखंड उजेडात ठेवलं, तेव्हा त्यांच्या प्रकाशपेशी नष्ट झाल्या, आणि तो उजेड डोळे जाळणारा नव्हता, साधारण दिव्याच्या तोडीचा होता. पण उंदराचा डोळा रात्रीचा डोळा आहे. त्यावरून बोरीवलीच्या रस्त्यावरचे दिवे माणसाला आंधळं करतील, असं म्हणणं खोटं ठरेल. आपल्याला पापण्या आहेत, पडदे आहेत, दिवा विझवणारं बटण आहे. खेकड्याला यातलं काही नाही. त्याच्यासाठी सांज ही शोभा नाही; डोळा उभारायला घेण्याची ती खूण आहे. काठावर रात्रभर झगझगीत उजेड ठेवला तर आपण त्याची ती खूणच पुसट करतो, आणि ज्या प्राण्याचं खाणं, जोडीदार शोधणं, बगळ्यापासून जीव वाचवणं त्या डोळ्यावर अवलंबून आहे, त्याला बारा महिने अर्धवट दिवसात जगायला लावतो.

कायद्याने तिवरांकडे उशिरा का होईना, पाहिलं. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला मनाई केली. २०१८ च्या निकालाने तिवरांभोवतीचा ५० मीटरचा पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवायला सांगितलं. कुऱ्हाड, भराव, राडारोडा यांची मोजदाद आता होते. उजेडाची होत नाही. ५० मीटरच्या रेषेवर भिंत अडते, खांब अडतो. त्या रेषेपलीकडच्या खांबावरून तिवरांकडे वळवलेला झोत मात्र अडत नाही. आपल्या नियमांत अंधार ही रिकामी जागा आहे, जिथे अजून काही लावायचं राहिलं आहे. खेकड्याच्या, बेडकाच्या, आपल्या स्वतःच्या डोळ्याच्या हिशेबात मात्र अंधार हा कामाचा प्रहर आहे.

मागणी फार मोठी नाही. गोराईला दिवे नकोत, असं कोणी म्हणत नाही. जेट्टीवर उतरणाऱ्या बाईला पायाखालचं दिसलंच पाहिजे. दिव्याला टोप असावा, झोत खाली पडावा, पाण्याकडे आणि तिवरांकडे वळू नये, आणि शेवटची बोट गेल्यावर जो दिवा कोणासाठीच नाही तो बंद व्हावा. खाडीकाठी नवा दिवा लावायचा प्रस्ताव पुढे येईल तेव्हा तो किती उजेड देणार, एवढंच विचारून थांबू नका. तो किती वाजता विझणार, हेही विचारा.